राइडचा रंग बदलणार म्हणे: मेडुसाच्या निमित्ताने वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थीम पार्कातल्या एखाद्या रोलर कोस्टरच्या खांबावर वेगळ्या रंगाचा पट्टा दिसला, की तिच्या चाहत्यांची झोप उडते. फोटो फिरायला लागतात, जुने रंग आठवले जातात, कुणी हळहळतं, कुणी सुटलो म्हणतं. बाहेरच्या माणसाला हे सगळं अति वाटतं. मला ते तसं कधीच वाटलं नाही, आणि का वाटलं नाही ते या उत्तरांमध्ये येईलच. उदाहरण म्हणून मुख्यतः न्यू जर्सीची मेडुसा घेतली आहे, कारण तिचा रंग बदलला, बरीच वर्षं तसाच राहिला आणि मग मूळचा रंग परत आला. एकाच राइडवर दोन्ही बाजू बघायला मिळाल्या.

मेडुसा म्हणजे नेमकी कोणती राइड?

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात जॅक्सन इथे सिक्स फ्लॅग्ज ग्रेट ॲडव्हेंचर हे पार्क आहे. तिथे १९९९ च्या एप्रिलमध्ये ही रोलर कोस्टर सुरू झाली. बिनतळाच्या गाडीची ही जगातली पहिली कोस्टर. गाडीला तळ नाही, बाजूच्या भिंती नाहीत. खुर्ची असते, खांद्यांवरून खाली येणारी पकड असते आणि पाय मोकळे लोंबकळत असतात. स्टेशनात बसताना पायाखाली फळ्या असतात. गाडी सुटण्याआधी त्या बाजूला होतात आणि खाली एकदम रूळ दिसतो.

बनवणारी कंपनी स्वित्झर्लंडची बोलिगर अँड माबियार, चाहत्यांच्या तोंडी नुसतं बी अँड एम. उंची १४२ फूट, लांबी ३,९८५ फूट, वेग ताशी ९८ किलोमीटरच्या आसपास. एका फेरीत सात वेळा डोकं खाली आणि पाय वर होतात. सुरुवातीचे रंग होते हिरवा रूळ आणि जांभळे खांब.

रंग तर सगळ्याच राइडना असतो. हिच्याच रंगावर एवढं बोलणं का?

कारण मेडुसाचा रंग बसणाऱ्यालाही दिसतो. साध्या कोस्टरमध्ये पुढच्या डब्याचं नाक आणि पायाखालचा तळ मध्ये येतो, त्यामुळे रूळ दिसतो तो लांबून किंवा वळणावर. मेडुसाच्या पहिल्या रांगेत बसलात तर रूळ थेट तुमच्या चपलांखालून धावत असतो. फेरीभर डोळ्यांसमोर दोनच गोष्टी असतात: आकाश आणि तो रंगीत रूळ. अशा राइडचा रंग बदलला म्हणजे बसल्यावर दिसणारं अर्धं जगच बदललं.

दुसरं कारण नावात आहे. ग्रीक पुराणातली मेडुसा ही केसांच्या जागी साप असलेली. हिरव्या, नळीसारख्या, वेटोळे घेत जाणाऱ्या रुळाला ते नाव चपखल बसलं होतं. वळणांच्या शेवटच्या भागात रुळाचे दोन पीळ एकमेकांत गुंतलेले आहेत. तिथे हिरवा रंग बघितला की साप आठवायला वेगळ्या पाटीची गरज पडत नाही. असं जमून येणं फार थोड्या राइडच्या वाट्याला येतं.

मग तो बदलला कशाला?

२००९ साली पार्कने मेडुसाचं रूपांतर बिझारोमध्ये केलं. बिझारो हे डीसी कॉमिक्समधलं पात्र, सुपरमॅनचं उलटं रूप. नवीन रंग आले: जांभळा रूळ आणि गडद निळे खांब. गाडीत आवाजाची सोय झाली, रुळाशेजारी आगीचे लोळ आणि धुकं सोडणारी यंत्रं आली, सुपरमॅनच्या चिन्हाच्या आकाराच्या कमानींमधून गाडी जाऊ लागली. वळणं मात्र तीच राहिली, एका फुटाचाही फरक नाही.

पार्काच्या बाजूने बघितलं तर हिशेब सरळ होता. नवीन कोस्टर उभी करायची तर कोट्यवधी डॉलर लागतात. दहा वर्षं जुनी, भक्कम कोस्टर हाताशी आहे, तिला तसंही रंगवायची वेळ आलेली आहे आणि प्रसिद्ध पात्र वापरायचा परवाना कंपनीकडे आहे. थोडक्या खर्चात जाहिरातीला नवीन आकर्षण मिळतं. यात काही गैर होतं असं मी म्हणणार नाही. पण राइडच्या वळणांमध्ये बिझारोचं असं काहीच नव्हतं. गोष्ट बाहेरून आणून चिकटवलेली होती, आणि चाहत्यांचा खरा आक्षेप तिथे होता.

रंग बदलल्याने राइडचा वेग किंवा मजा कमी-जास्त होते का?

वेगाचा संबंध नाही. मजेचं उत्तर इतकं सोपं नाही, पण एक जुळं उदाहरण समजून घेण्यासारखं आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये अगवाम इथे सिक्स फ्लॅग्ज न्यू इंग्लंड पार्कात सुपरमॅन नावाची इंटॅमिन कंपनीची कोस्टर २००० सालापासून होती. उंची २०८ फूट, लाल रूळ, निळे खांब. अमेरिकेतल्या गोल्डन तिकीट पुरस्कारांत तिने पोलादी कोस्टरमध्ये पहिला क्रमांक अनेकदा मिळवलेला. तिचंही २००९ मध्ये बिझारो केलं आणि तसाच जांभळा-निळा साज दिला. आणि २००९ चा पहिला क्रमांकसुद्धा तिनेच घेतला, नवीन नावाने आणि नवीन रंगात.

म्हणजे चांगली राइड रंगाने वाईट होत नाही, हे मान्यच करायला हवं. २०१६ साली मात्र तिला पुन्हा लाल-निळा रंग आणि सुपरमॅनचं नाव मिळालं. राइड जांभळ्या रंगात उत्तमच होती, तरीही लाल-निळ्यात परत आली तेव्हा लोक खूश झाले. हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

मेडुसाचे रंग परत कधी आले?

२०२२ च्या हंगामात. बिझारोचं नाव गेलं, मेडुसा परत आली, रूळ हिरवा आणि खांब जांभळे झाले.

हे चाहत्यांनी आग्रह धरल्यामुळे झालं का?

एकट्या आग्रहाने झालं असं म्हणणं धाडसाचं ठरेल. तेरा वर्षांत कोणताही रंग विटतो, त्यामुळे रंगकाम करावंच लागणार होतं. आगीचे लोळ, ध्वनियंत्रणा आणि धुक्याची यंत्रं सांभाळायला रोजची माणसं आणि रोजचा खर्च लागतो. रंगवायचंच आहे तर कोणत्या रंगात, एवढाच प्रश्न उरतो, आणि त्या क्षणी पार्कातल्या लोकांच्या कानावर इतकी वर्षं ‘मेडुसा’ हेच नाव पडत आलेलं असतं. चाहत्यांचा उपयोग इथे होतो. ते जुनं नाव जिवंत ठेवतात. बिझारोच्या काळातही कित्येक जण रांगेत उभे राहून त्या राइडला मेडुसाच म्हणत.

लोक रंगासाठी एवढे का चिडतात? शेवटी रंगच तर आहे.

हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो आणि बऱ्याचदा हिणवण्यासाठी विचारला जातो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

रोलर कोस्टर ही दुरून ओळखायची वस्तू आहे. गाडी पार्किंगमध्ये लावल्यावर झाडांच्या वर पहिल्यांदा काय दिसतं? रंग. मुलं बोट दाखवून ‘ती हिरवी’ म्हणतात, नाव नंतर कळतं. घरी गेल्यावर काढलेल्या चित्रात वळणं चुकतात, रंग चुकत नाही. वीस वर्षांनी एखादा माणूस स्वतःच्या मुलाला घेऊन त्याच पार्कात येतो, तेव्हा त्याच्या डोक्यात असलेली खूण रंगाचीच असते. ती खूण जागेवर नसली की आपण दुसरीकडेच आलो असं वाटतं. असं वाटणाऱ्या माणसाला हळवा म्हणून सोडून देणं मला पटत नाही. पार्क स्वतःच आठवणी विकतं. जाहिरातीत कुटुंब, बालपण, पहिली भीती हेच दाखवतं. मग आठवणींशी खेळ झाल्यावर लोकांनी बोलू नये अशी अपेक्षा कशी ठेवायची?

दुसरी गोष्ट अशी की चाहत्यांच्या हातात फार थोडं असतं. राइड कधी बंद ठेवायची, तिकीट केवढ्याचं, कोणती गाडी कधी सोडायची, यात त्यांना कुणी विचारत नाही. रंग ही एकच बाब अशी आहे की जिच्यावर प्रत्येकाला बिनतांत्रिक, स्वतःचं मत असू शकतं. त्यामुळे इतर सगळ्या बाबतींत साठलेलं बोलणंही रंगाच्या निमित्ताने बाहेर पडतं. चिडलेल्या माणसाचं नीट ऐकलं तर तो बहुतेक वेळा पोपटी की जांभळा यावर बोलतच नसतो. ‘हे कुणासाठी बदललं?’ असं तो विचारत असतो.

सगळेच जुन्या रंगाच्या बाजूचे असतात का?

मुळीच नाही. नवा, ताजा रंग बघून हरखणारे खूप असतात. कारण चाहत्यांना सगळ्यांत जास्त खुपतो तो दुर्लक्षाने विटलेला रंग. पोपडे सुटलेल्या जुन्या रंगापेक्षा नीट मारलेला वेगळा रंग बरा, असं म्हणणारेही निष्ठावंतच आहेत. काहींना दोन रंगांची जोडी खटकते, एकेक रंग नाही. काहींना फक्त छटा चुकली असं वाटतं. आणि ज्यांनी ती राइड २००९ नंतर पहिल्यांदा बघितली, त्यांच्यासाठी जांभळी बिझारो हीच बालपणाची राइड आहे. मेडुसा परतली तेव्हा त्यांचं काहीतरी गेलं. हे बोलणारे थोडे होते, पण त्यांचं म्हणणं इतरांइतकंच खरं आहे, आणि मला ते ऐकल्यावर माझी बाजू थोडी सैल करावी लागली.

पार्क दर वेळी जुनाच रंग का देत नाही?

देतात की. बहुतेक रंगकाम जुन्याच रंगात होतं आणि त्याची बातमी होत नाही. बदल होतो तेव्हा कारण बहुधा या चारांपैकी एक असतं: राइडचं नाव बदललं, पात्राचा परवाना आला किंवा गेला, आजूबाजूच्या भागाची सगळी सजावट बदलली, किंवा जुना रंग उन्हात टिकतच नव्हता. शेवटचं कारण कुणी फारसं सांगत नाही, पण रंगाऱ्याच्या दृष्टीने ते सगळ्यांत पक्कं.

उन्हात कोणते रंग जास्त उडतात?

रंगातलं रंगद्रव्य कोणतं आहे यावर ते अवलंबून. गेरूचा लाल आपल्या देवळांच्या भिंतींवर वर्षानुवर्षं टिकतो, कारण तो मुळात लोहाचा ऑक्साइड. उन्हाने त्याचं आणखी काही बिघडत नाही. पण झगझगीत गुलाबी, राणी, भडक लाल किंवा पिवळ्या छटांमधली अनेक रंगद्रव्यं सेंद्रिय असतात आणि अतिनील किरणांनी त्यांचे रेणू तुटतात. म्हणून राणी रंगाचा रूळ काही वर्षांत फिकट गुलाबी दिसायला लागतो.

हिरव्याची गंमत वेगळी. गडद हिरव्यासाठी वापरलं जाणारं थॅलोसायनीन चांगलं टिकतं. पण पोपटी छटा मिळवायला त्यात पिवळा मिसळावा लागतो. पिवळा कच्चा असेल तर तो आधी उडतो आणि पोपटी रूळ हळूहळू निळसर वाटू लागतो. असा रूळ बघून ‘पार्कने गुपचूप रंग बदलला’ अशी ओरड होते, तेव्हा बदल पार्कने केलेला नसतो, उन्हाने केलेला असतो.

रंगकाम होतं तरी कसं? एवढं उंच?

घराच्या खिडकीच्या गजांना रंग देताना जी पायरी चुकवली की पुढच्या पावसात गंज वर येतो, तीच पायरी इथेही महत्त्वाची: आधीची सफाई. मोठ्या दाबाच्या पाण्याने धूळ, वंगण आणि पक्ष्यांची विष्ठा धुतात. सुटलेला रंग खरवडतात, गंजलेल्या जागा उघड्या लोखंडापर्यंत घासतात. तिथे जस्तयुक्त किंवा इपॉक्सी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, लावतात. मग इपॉक्सीचा मधला थर, आणि सगळ्यांत वर पॉलियुरेथेनचा रंगीत थर. इपॉक्सी लोखंडाला घट्ट धरून राहतं पण उन्हात खडूसारखं भुरभुरतं, म्हणून त्याला वर झाकण हवंच. त्याहून महागडा फ्लुओरोपॉलिमरचा थर दिला तर चमक आणखी वर्षं टिकते.

उंचीवर जायला कुठे उचलयंत्राची टोपली वापरतात, कुठे दोर बांधून रंगारी लोंबकळत काम करतात. फवारा मारला तर वाऱ्याने तुषार शेजारच्या गाड्यांवर जातात, त्यामुळे पुष्कळ ठिकाणी रोलर आणि ब्रशनेच हात मारावे लागतात. मेडुसाएवढ्या, सव्वा किलोमीटरच्या रुळाला आणि त्याच्या शेकडो जोडांना असा एकेक हात द्यायचा म्हणजे काय काम असेल, याचा अंदाज करा. रंग बघताना त्या माणसांची आठवण ठेवावी असं मला मनापासून वाटतं.

हवामानाची अटही असते. नेहमीचं इपॉक्सी दहा अंश सेल्सिअसच्या खाली नीट सुकत नाही. लोखंडाचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे हवेतली वाफ ज्या तापमानाला दव होऊन बसते त्यापेक्षा, किमान तीन अंशांनी जास्त असावं लागतं, नाहीतर डोळ्यांना न दिसणाऱ्या ओलीवर रंग बसतो आणि पुढे सुटतो. न्यू जर्सीचा हिवाळा गोठवणारा, उन्हाळा गर्दीचा. उरतात वसंत आणि शरदातले मोजके कोरडे आठवडे. म्हणून पुष्कळदा एक कोस्टर अर्धी जुन्या आणि अर्धी नव्या रंगात कित्येक महिने उभी दिसते.

अर्ध्या रंगवलेल्या राइडचे फोटो बघून मत बनवावं का?

थांबावं. प्रायमर राखाडी, पांढरा किंवा विटकरी असतो, आणि दर वेळी कुणीतरी तोच नवा रंग समजून शोक करतं. ओला रंग वाळल्यावर वेगळा दिसतो. ढगाळ दुपारी काढलेला फोटो आणि सकाळच्या उन्हात काढलेला फोटो यांत एकाच हिरव्याचे दोन हिरवे होतात. शिवाय रूळ एकटा रंगवून झाला आणि खांब जुनेच असले, तर ती जोडी कुणीच ठरवलेली नसते.

याच्या उलटही एकदा घडलंय. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाचं पोलाद आलं तेव्हा त्यावर तांबडं प्रायमर होतं. वास्तुरचनाकार अर्व्हिंग मॉरो यांना ती ऊब आवडली आणि तिथूनच पुलाचा जगप्रसिद्ध केशरी-लाल रंग ठरला. नौदलाला त्या पुलावर काळे-पिवळे पट्टे हवे होते. तेव्हा प्रायमरवर प्रेम जडलं तर हरकत नाही, पण प्रायमरवरून भांडू नये.

खांबावर चौकोनी वेगळे ठिपके दिसले. रंगाची चाचणी चालू आहे का?

असूही शकेल. छटा निवडण्यासाठी खऱ्या उन्हात, खऱ्या लोखंडावर नमुने मारून बघतात. पण असे ठिपके सांध्यांजवळ, वेल्डिंगवर असतील तर कारण बहुधा तपासणीचं असतं. वेल्डमध्ये बारीक चीर आहे का हे बघायला तिथला रंग काढून चुंबकीय कणांची चाचणी घेतात आणि मग वर प्रायमरचा हात देऊन ठेवतात. तो ठिपका सुरक्षिततेची खूण आहे.

रुळाच्या वरच्या बाजूला रंगच नाही, नुसतं चमकतं लोखंड आहे. काम अर्धवट सोडलं का?

नाही. तिथून चाकं जातात. गाडीला तीन प्रकारची चाकं असतात: वर धावणारी, बाजूने धरणारी आणि खालून पकडणारी. ही चाकं जिथे टेकतात तिथला रंग काही फेऱ्यांतच घासून जातो. तीन चमकत्या रेघा दिसल्या म्हणजे राइड रोज चालते आहे.

रंगासकट राइडच पार बदलली, अशी उदाहरणं आहेत?

कॅलिफोर्नियात सिक्स फ्लॅग्ज मॅजिक माउंटनमध्ये २००२ साली एक्स नावाची, खुर्च्या स्वतःभोवती फिरणारी कोस्टर आली. गुलाबी रूळ, पिवळे खांब. २००८ मध्ये ती एक्स टू झाली: लाल रूळ, काळे खांब, नव्या गाड्या, संगीत, आग. या बदलावर फारशी हळहळ झाली नाही, कारण गाड्याच नवीन होत्या. राइड खरोखर वेगळी झाली होती आणि रंग ते खरं सांगत होता.

इंग्लंडमधल्या ऑल्टन टॉवर्सची नेमेसिस हे याहून मोठं उदाहरण. १९९४ ची, जॉन वॉर्डली यांच्या कल्पनेतून उतरलेली, बी अँड एमचीच. गाडी रुळाखाली टांगलेली. तिथे झाडांच्या उंचीपेक्षा वर बांधायला मनाई, म्हणून खडक फोडून खड्ड्यात ती बसवली. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती बंद झाली, जुना झिजलेला रूळ काढून त्याच आराखड्याचा नवा रूळ घातला आणि मार्च २०२४ मध्ये ती नेमेसिस रिबॉर्न म्हणून उघडली. नवा रूळ काळा आहे आणि त्यावर लाल शिरांची नक्षी आहे. धास्ती प्रचंड होती. पण त्या राइडची गोष्ट पहिल्यापासून जमिनीखालून उकरून काढलेल्या एका जिवंत प्राण्याची आहे. प्राण्याच्या अंगावर शिरा दिसणं त्या गोष्टीतूनच आलेलं आहे, आणि म्हणून बहुतेकांनी तो बदल आपलासा केला. माझ्या मते रंगबदल कसा करावा याचा हा धडाच आहे.

राइड नाही पण डिस्नेच्या किल्ल्याच्या रंगावरूनही असंच झालं ना?

झालं, आणि दोनदा. फ्लोरिडातल्या मॅजिक किंगडममधला सिंड्रेलाचा किल्ला १९७१ चा, १८९ फूट उंच. पंचविसाव्या वाढदिवसाला १९९६ मध्ये त्याला गुलाबी केकचं रूप दिलं. ते लोकांना इतकं खुपलं की त्याची आठवण अजून काढली जाते. ज्यांचं लग्न किंवा आयुष्यातली एकुलती सहल त्या काळात झाली, त्यांच्या सगळ्या फोटोंत तो केकच आहे. ही तक्रार मला फार रास्त वाटते. २०२० मध्ये पन्नाशीच्या तयारीसाठी किल्ला पुन्हा गुलाबी छटेत रंगवला, छतं गडद निळी आणि कडा सोनेरी. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये डिस्नेने जाहीर केलं की जुन्या राखाडी-पांढऱ्या-निळ्या रंगांकडे परत जायचं आहे. त्या घोषणेला टाळ्या पडल्या, तरी गुलाबी किल्ला आवडलेली लहान मुलं हिरमुसलीच असतील.

जॅक्सनच्या चाहत्यांना सध्या रंगापेक्षा मोठी काळजी नाही का?

आहे. त्याच पार्कातली ४५६ फूट उंचीची, तेव्हापर्यंतची जगातली सर्वांत उंच कोस्टर किंगडा का २०२५ च्या फेब्रुवारीत स्फोटकं लावून पाडली. तीही हिरवीच होती. पार्काच्या आकाशातली ती ओळखीची कमान गेल्यापासून जे उरलंय त्यावर लोकांचा जीव जास्त जडलाय. २०२४ मध्ये सिक्स फ्लॅग्ज आणि सीडर फेअर या कंपन्या एक झाल्या, त्यामुळे पुढे कोणत्या राइडचं काय होणार ही धाकधूक आहे. अशा दिवसांत कुठल्याही राइडला रंग देताना दिसले की आनंदच व्हावा. पाडायच्या राइडवर कुणी रंगाचा खर्च करत नाही.

पार्कला आपलं मत कळवायचं असेल तर?

नम्रपणे, थोडक्यात आणि राइडबद्दल लिहा. ‘जुनाच रंग द्या’ याऐवजी तो का शोभतो ते सांगा. मेडुसाबद्दल लिहायचं तर साप, पायाखालचा रूळ, झाडांवर दिसणारी हिरवी कमान असं ठोस काही. पार्कातल्या प्रतिसाद कक्षातली माणसं रंग ठरवत नाहीत, त्यांच्यावर राग काढू नका. आणि दोरावर लटकलेल्या रंगाऱ्यांना खालून ओरडून विचारू नका. हे सांगावं लागतं याचं वाईट वाटतं.

आपल्याकडे अशी राइड आहे का?

आहे, आणि मेडुसाच्या नात्यातली. खोपोलीच्या इमॅजिकामध्ये २०१३ मध्ये आलेली नायट्रो ही बी अँड एमचीच बिनतळाची कोस्टर, एका फेरीत पाच वेळा डोकं खाली करणारी. जॅक्सनच्या पार्कातही नायट्रो नावाची कोस्टर आहे, पण ती वेगळ्या जातीची, उंच टेकड्यांची. खोपोलीच्या नायट्रोला घाटाखालचा पाऊस सोसावा लागतो. तिथे उन्हापेक्षा ओल मोठी वैरीण, त्यामुळे रंगाचं पहिलं काम शोभेचं नाही, गंज अडवण्याचं आहे. पहिल्या रांगेत बसून पायाखाली बघितलंत तर मेडुसाबद्दल वर जे लिहिलंय ते लगेच पटेल.

न्यू जर्सीत आहोत. मेडुसा बघायला जावं का?

जरूर. एडिसनकडच्या मराठी कुटुंबांना जॅक्सन गाडीने तासाभराच्या आत आहे. मुलांची उंची ५४ इंच हवी. सैल चपला घालू नका, पाय मोकळे असतात. रांग थोडी मोठी असली तरी पहिल्या ओळीसाठीच थांबा.

पुढच्या वेळी मेडुसा रंगवतील तेव्हा कोणता रंग असावा?

हिरवा रूळ आणि जांभळे खांब. हिरव्यात थोडी गडद, टिकाऊ छटा निवडली तर माझी हरकत नाही. पिवळा कमी घातला तर तो निळसरही पडणार नाही. खांबांचा जांभळा ठेवला म्हणजे बिझारो बघत वाढलेल्यांनाही आपला रंग तिथे सापडेल.